मामलेदार, बाईसाहेब आणि शिमग्याची खूण

पालखी यायला जेमतेम अर्धा दिवस उरला होता आणि तात्या आपल्या पोफळीच्या वाडीबाहेर, ओल्या मातीत कोपरापर्यंत हात घालून बसले होते. मातीत काही नव्हतं. त्यांनी डावीकडे चाचपलं, उजवीकडे चाचपलं, मग उगाचच आभाळाकडे बघितलं. पुरलेला नारळ आभाळात जात नाही हे त्यांनाही ठाऊक होतं, पण माणूस घाबरला की कुठंही बघतो.

हा नारळ साधासुधा नव्हता. खारशेतात शिमग्याला सोमजाईची पालखी निघते, तेव्हा देवळाखालच्या माळावर एक नारळ पुरून ठेवतात. त्याला खूण म्हणायचं. कुठं पुरला ते पुरणाऱ्याशिवाय कुणालाच माहीत नसतं. मग भोई पालखी खांद्यावर नाचवत माळभर फिरतात आणि नाचता नाचता पालखी आपसूक त्या जागेवर येऊन झुकते. खणलं की नारळ निघतो, सगळं गाव उदो उदो करतं आणि आई आनंदानं देवळात परत जाते. खूण निघाली नाही, तर मात्र पालखी माळावरच बसून राहते. फार पूर्वी कुणा एकाकडून खूण हरवली होती. त्या माणसाचं खरं आडनाव आता कुणालाच आठवत नाही. त्याच्या पणतवंडांना गाव अजून ‘हरवे’ म्हणतं, आणि हल्ली त्यांच्या लग्नपत्रिकेवरही तेच छापून येतं.

यंदा खूण पुरायचा मान तात्यांकडे आला होता. त्यांच्या वडिलांनी पुरली होती, आजोबांनी पुरली होती. तात्यांचा जन्म माणगावच्या कचेरीत गेला, त्यामुळे त्यांच्यापर्यंत मान यायला म्हातारपण उजाडलं. मोरू गुरवानं हळदकुंकू लावलेला, लाल दोरा गुंडाळलेला नारळ त्यांच्या ओंजळीत ठेवला, तेव्हा तात्यांचे डोळे चक्क भरून आले होते.

रीत अशी की खूण पालखीच्या आदल्या संध्याकाळी पुरायची. पण ‘आदल्या संध्याकाळी’ ही गोष्ट तात्यांच्या स्वभावातच बसत नव्हती. एसटी यायच्या कितीतरी आधी ते स्टँडवर उभे असत आणि एसटीत चढले की उतरायच्या दाराशी जागा धरत. नोकरीत असताना म्हणायचे, “रिटायर झालो की निवांत बसू.” रिटायर झाल्यावर म्हणाले, “एकदा कौलं परतली की निवांत बसू.” कौलं परतली, मग सुपारी उतरायची राहिली होती. सुपारी उतरली, मग शिमगा आला. त्यांच्या पत्नी सुचित्राबाईंचा जन्म याच्या नेमक्या उलट्या सुरात गेला होता. त्या कशालाही म्हणायच्या, “पुढचं पुढं बघू.” हे तीन शब्द ऐकले की तात्यांचं पित्त खवळायचं.

तर तात्यांनी नारळ हातात पडला त्याच दिवशी पुरून टाकला. ऐन वेळी कंबर धरली तर काय घ्या? जागाही त्यांनी डोकं चालवून निवडली होती. वाडीचा पाट जिथं कुंपणातून माळावर झिरपतो तिथली माती लोण्यासारखी मऊ असते. कुदळ लागत नाही. नारळ सदऱ्याखाली लपवून नेता आला आणि हातानंच पुरता आला. वरून त्यांनी पाटातलं चार ओंजळी पाणीही ओतलं, माती नीट बसावी म्हणून. शिवाय तिथं कुणी फिरकणं शक्य नव्हतं, कारण त्या जागेवर मामलेदाराचा पहारा होता.

मामलेदार म्हणजे राजहंस. गेल्या वर्षी वल्लरीनं, म्हणजे तात्यांच्या नवी मुंबईत नोकरी करणाऱ्या लेकीनं, एका मैत्रिणीच्या बंद पडलेल्या फार्महाऊसवरून राजहंसांची जोडी आणून अंगणात सोडली होती. “बाबा, फक्त थोडे दिवस सांभाळा ना, प्लीज,” असं म्हणून ती गेली आणि थोडे दिवस काही संपले नाहीत. नर मान ताठ करून, पोट पुढं काढून अंगणाची तपासणी करत फिरायचा आणि जो दिसेल त्याच्यावर खेकसायचा. तात्यांनी उभ्या नोकरीत ही चाल रोज पाहिली होती, म्हणून त्याचं नाव मामलेदार पडलं. मादी मग ओघानंच बाईसाहेब झाली. गाव त्यांना ‘तात्यांची मोठी बदकं’ म्हणायचं आणि लांबून जायचं.

हल्ली बाईसाहेब कुंपणाबाहेर वाळक्या झावळ्यांच्या ढिगात अंडी उबवत बसली होती, त्यामुळे मामलेदाराचा पारा कायम चढलेला. कुणाच्याही हातात काही दिसलं की तो मान जमिनीलगत लांबवून फिस्कारत सुटायचा. सूट फक्त एकाला होती. रोज सकाळी तात्या रिकाम्या हातानं येऊन बाईसाहेबांजवळच्या दगडावर बसत. ती त्यांच्याकडे एका डोळ्यानं बघे आणि मान पुन्हा पंखात घाली. तेवढा वेळ तात्या काही ठरवत नसत. पण हे त्यांच्या स्वतःच्याही लक्षात आलं नव्हतं. विचारलं असतं तर ‘पाटाचं पाणी बघायला जातो’ असं त्यांनी सांगितलं असतं.

आणि आता नारळ नव्हता. ढिगापासून हातभर अंतरावर, जिथं पुरला तिथं चिखलाचा खळगा होता आणि खळग्यात पाणी. तात्यांनी तर्क लढवले. कुत्रं? कुत्रं नारळ खात नाही. रानडुक्कर? मामलेदारानं डुकराला जिवंत सोडलं नसतं. वानर? वानराला वाडीतले शेकड्यानं लटकलेले नारळ सोडून गुरवाचाच नारळ कशाला लागेल? आणि कुणाला विचारायची सोय नव्हती. जागा गुपित, आणि त्यात रीत मोडून आधीच पुरलेला!

‘तात्या हरवे,’ त्यांच्या डोक्यात घंटा वाजली. ‘वल्लरी तात्या हरवे.’

ते तडक घरी आले. सुचित्राबाई नैवेद्याच्या पुरणाला चटका देत होत्या.

“ए, एक नारळ दे. सोललेला. आणि लाल दोरा.”

“नारळ त्या कोपऱ्यात. दोरा कशाला?”

“लागतो.”

“शिवणाच्या डब्यात रीळ आहे. पण कशाला, ते सांगा की. नाहीतर मागच्या वेळसारखा माझा चांगला दोरा नेऊन दुधीच्या वेलाला बांधाल.”

“सणाचं काम आहे!”

सुचित्राबाईंनी नवऱ्याच्या चिखलानं माखलेल्या हातांकडे, मग चेहऱ्याकडे बघितलं. “बरं वाटत नाहीये का? जरा बसा. चहा टाकते.”

“एकदा हा शिमगा पार पडू दे,” तात्या म्हणाले, “मग बसतोच निवांत.”

एका हातात लाल दोऱ्याचा नारळ, दुसऱ्या हातात कुदळ, असे तात्या परत निघाले. घाईत ते एक गोष्ट विसरले होते. आज त्यांचे दोन्ही हात भरलेले होते.

मामलेदारानं आधी मान तिरकी करून ओळख पटवून घेतली. मग ओळख बाजूला ठेवली. फिस्स करत, पंख पसरून तो असा धावला की तात्यांनी कुदळ तिथंच टाकली, एक चप्पल पाटात सोडली आणि नारळ छातीशी धरून पेरूच्या झाडाभोवती घिरट्या घालायला सुरुवात केली. मामलेदारानं धोतराचा सोगा चोचीत पकडला. शिमग्यासाठी आलेली वल्लरी ओटीवरून मोबाईल घेऊन धावत आली, पण सोडवायला नव्हे.

“बाबा, एक मिनिट, असेच थांबा! काय भारी व्हिडिओ येतोय!”

“अगं कार्टे, याला आवर!”

“टेन्शन नका घेऊ बाबा, तो फक्त खेळतोय!”

मामलेदारानं तात्यांच्या पोटरीला चिमटा काढला. त्यात खेळकर असं काही नव्हतं.

एवढ्यात कुंपणापलीकडून आवाज आला, “काय तात्या, सणाच्या दिशी पकडापकडी चाललीय व्हय?”

माळावर कोंडाजी उभे होते. कोंडाजी म्हणजे गावाचे मानकरी. पालखी निघायच्या आधी माळावर येऊन बसायचं आणि माळावर कुणी उकराउकर करत नाही ना ते बघायचं, हे त्यांचं पिढीजात काम. त्यांनी आंब्याखाली घोंगडी टाकली, पानाची चंची सोडली आणि मग तात्यांच्या हातातल्या नारळाकडे बघितलं.

“ह्यो कशाला?”

“नैवेद्याला,” तात्या म्हणाले.

“आन् ती कुदल?”

“पाट मोकळा करत होतो.”

“आज?” कोंडाजींनी सुपारी कातरली. “ऱ्हाऊ दे तात्या, पानी कुठं पलून जातंय? बसा हितं. खूण नीट ठेवलीव ना? जागा नगा सांगू हां, नुसती मान हलवा.”

तात्यांनी मान हलवली. ती होकारार्थी हलली की नुसतीच थरथरली, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. कोंडाजी आता पालखी येईपर्यंत तिथून उठणार नव्हते. दुसरा नारळ पुरायची वाटच बंद झाली. आणि नवल असं की तात्यांना त्याही स्थितीत जरासं हायसं वाटलं. शिवणाच्या डब्यातला दोरा गुंडाळून सोमजाईला फसवायचं, हे त्यांच्या गळी उतरलंच नव्हतं. त्यांनी घरी येऊन तो नारळ ओटीच्या कोनाड्यात ठेवला आणि सुचित्राबाईंनी पुढं केलेला चहा गार होऊ दिला.

उन्हं कलली आणि ढोल वाजू लागले. सगळं खारशेत माळावर लोटलं. मुंबईहून आलेली पोरं, सासरहून आलेल्या लेकी, खाडीपलीकडून फेरीबोटीनं दिघीला उतरून आलेले पाहुणे. सोमजाईची पालखी देवळाच्या पायऱ्या उतरली तेव्हा तिचं रूप मावळतीच्या उन्हात झळाळत होतं. तात्यांनी हात जोडले. “आई, चुकलं माझं,” ते पुटपुटले, “तू बोलावलंस त्या वेळी यायचं सोडून मी आधीच येऊन बसलो.”

पालखी नाचू लागली. ती देवळाच्या बाजूनं गेली, आंब्याकडून वळली, कोंडाजींना वळसा घालून तळ्याकडे निघाली. ‘तिकडेच राहू दे,’ तात्या मनात म्हणत होते, ‘तिकडे नाही सापडली तर दोष कुणाचा ते तरी चटकन कळणार नाही.’ पण पालखी तळ्यावरून फिरली आणि सरळ तात्यांच्या कुंपणाकडे आली.

मामलेदारानं एवढी माणसं जन्मात पाहिली नव्हती, पण डगमगणं त्याला ठाऊकच नव्हतं. तो पुढं आला. पुढच्या भोयाच्या पोटरीला त्यानं चावा घेतला, भोई कळवळून उडाला, पालखी कलंडली, मागचा भोई सावरायला पुढं आला आणि पालखी आणखी जोरात नाचू लागली. मोरू गुरव चवरी घेऊन मामलेदाराला हटवायला गेला आणि चवरी त्याच्या चोचीत सोडून परत आला. वाद्यवाल्यांना वाटलं आईला जोर चढला. त्यांनी ढोल दुप्पट बडवले.

अशा गदारोळात पालखी कुंपणाशी आली आणि थांबली. दांडा हळूच खाली झुकला. तो खळग्यावर नाही झुकला. हातभर पुढं, झावळ्यांच्या ढिगावर, थेट बाईसाहेबांच्या समोर झुकला. भोयांनी पालखी मागे नेली, फिरवली, पुन्हा आणली. पुन्हा तिथंच.

“हितंच हाय!” कोंडाजी ओरडले. “खना!”

तात्यांनी खळग्याकडे बघितलं. पालखी चुकली होती, आणि चुकायची तर हातभरानं! ढीग उपसला तर खाली अंडी निघणार. मग लोक आजूबाजूला खणणार, आणि शेजारचा रिकामा खळगा बघून काय ते सगळ्यांना कळणार.

पण खणायला आधी बाईसाहेब उठायला हवी होती, आणि ती उठत नव्हती. पोरांनी टाळ्या वाजवल्या. वाजंत्र्यांनी तिच्या कानाशी सनई फुंकली. शेजारच्या तुळशीकाकूंनी लांबून झाडू दाखवला, तो मामलेदारानं जप्त केला. बाईसाहेब पंख फुगवून बसूनच राहिली.

“तात्या, बदक तुमचा,” कोंडाजी म्हणाले. “तुमीच उठवा. आई खोलंबलीय.”

सगळ्या गावाची नजर तात्यांवर आली. ते गर्दीतून पुढं झाले. त्यांना ठाऊक होतं की बाईसाहेबांना उठवता येत नाही. दिवसातून एकदा ती आपल्या मनानं उठते, पाटावर पाणी पिते आणि परत येऊन बसते. तोवर थांबायचं, एवढंच करता येतं.

“ढोल थांबवा,” तात्या म्हणाले. “सगळे जरा बसा.”

आणि रिकाम्या हातानं ते रोजच्या दगडावर बसले. मामलेदारानं त्यांचे हात तपासले, झाडू टाकला आणि त्यांच्या पायाशी येऊन उभा राहिला. पालखी खांद्यावरून उतरली. माणसं माळावर बसली. पोरांची कुजबुज थांबली.

सुरुवातीला तात्या बेत करत होते. ती उठली की आपण असं म्हणू, मग कोंडाजी तसं म्हणतील, मग आपण पाया पडू. पण एकेक बेत पुढं जाऊन त्या रिकाम्या खळग्यात पडत होता. शेवटी बेतच संपले. जन्मात पहिल्यांदा तात्यांकडे पुढचं काहीच उरलं नाही. मग त्यांना पोफळीतून येणारा वारा ऐकू आला. पाटाचं पाणी झुळझुळताना ऐकू आलं. बाईसाहेबांनी एका डोळ्यानं त्यांच्याकडे बघितलं आणि मान पंखात घातली. तात्यांना एकदम इतकं बरं वाटलं की त्यांना हसू आलं. खूण हरवली होती, समोर देवी ताटकळली होती, उद्या आपण ‘हरवे’ होणार होतो, आणि तरीही आत्ता, या दगडावर, या दोन खेकसणाऱ्या जीवांजवळ, ते सुखात होते. रोज सकाळी ते सुखातच होते. कळलं तेवढं आज.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. बाईसाहेबांनी मान वर काढली, एक पाय लांबवला, एक पंख लांबवला आणि ती उठली. सगळ्या गावाकडे पाठ करून ती डुलत डुलत पाटाकडे चालू लागली, आणि मामलेदार तिच्यामागून.

झावळ्यांमध्ये, पिसांच्या गादीवर पांढरी शुभ्र अंडी होती. आणि त्यांच्या मधोमध, कुंकू जरासं पुसलेला, लाल दोरा गुंडाळलेला नारळ होता.

मग मोरू गुरव पुढं वाकला, त्यानं गाठ बघितली. “माजीच गाठ हाय! खूण हाय! आईनं बरुबर काडली!”

“सोमजाईचा उदो उदो!” माळ दणाणला. ढोल सुटले, गुलाल उडाला, कुणीतरी तात्यांना उचलून खांद्यावर घेतलं आणि दुसऱ्या खांद्यावर मामलेदाराला घ्यायचा प्रयत्न करणाऱ्याला लगेच पश्चात्ताप झाला. मधेच एका पाहुण्यानं शंका काढली की अंड्यांत ठेवलेला नारळ देवीला चालतो का. कोंडाजींनी त्याच्याकडे असं बघितलं की तो पुढच्या फेरीबोटीची चौकशी करू लागला.

“आई लेकुरवाली,” मोरू गुरव म्हणाला. “तिला लेकरांतली खूण न्हाय चालनार?”

मग कोंडाजी तात्यांजवळ आले. डोळ्यांत पाणी होतं. “तात्या, खूण आजवर समद्यांनी मातीत पुरली. पन जिवंत मायेच्या पोटाखाली ठेवनारे तुमीच पयले. ह्ये तुमाला सुचलं कसं?”

तात्यांनी हात जोडले.

तिन्हीसांजेला पालखी देवळात गेली, नारळ फुटला, खोबऱ्याची शेरणी, म्हणजे प्रसाद, घरोघर वाटली गेली. तात्या गुलालानं माखून ओटीवर बसले होते, तेवढ्यात कुंपणाकडून आक्रोश सुरू झाला. बाईसाहेब ढिगाभोवती फिरत होती, अंड्यांकडे बघत होती आणि टाहो फोडत होती. बसायला तयार नव्हती.

“तिचं काहीतरी हरवलंय,” सुचित्राबाई म्हणाल्या.

तात्यांना एकदम कोनाडा आठवला. सकाळचा तो दुसरा नारळ घेऊन ते कुंपणाशी गेले. मामलेदार फिस्कारला, म्हणून त्यांनी तो ढिगापासून हातभरावर, जिथं खळगा होता तिथंच ठेवला आणि मागे सरकले. बाईसाहेब थबकली. तिनं मान लांब केली, चोच नारळाच्या पलीकडे टेकवली आणि हळूहळू, ढकलत, ओढत, सांभाळत तो नारळ घरट्यात आणला. पोटाखाली घेतला. पंख सारखे केले आणि गप्प बसली.

पाण्यानं मऊ चिखलातून वर आलेला पहिला नारळही तिनं असाच नेला होता तर! सुचित्राबाई नारळाकडे बघत होत्या, मग चिखलाच्या खळग्याकडे, मग नवऱ्याकडे.

“म्हणजे,” त्या हळू आवाजात म्हणाल्या, “तुम्ही खूण आधीच पुरली होतीत. आणि माझं लाल रीळ...”

“हळू बोल.”

“आणि गाव तुम्हाला मोठा विचारवंत समजून बसलंय!” सुचित्राबाईंनी पदर तोंडाला लावला, पण हसू पदरात मावेना. काय झालं ते विचारायला वल्लरी धावत आली, तर आई आणि बाबा दोघंही डोळे पुसत होते.

कुंपणापलीकडून कोंडाजींची हाक आली. देवळातून परतताना ते थांबले होते. “तात्या! गावानं ठरीवलंय, पुढच्या सालीबी मान तुमच्याच घरी. खूण कंदी न्यायाची, कशी ठेवायची, त्ये आत्ताच ठरवून टाकू का?”

सुचित्राबाईंनी सवयीनं आत जाऊन दिनदर्शिका आणायला पाऊल उचललं. तात्या रोजच्या दगडावर बसले. मामलेदार त्यांच्या पायाशी आला.

“कोंडाजी,” तात्या म्हणाले, “पुढचं पुढं बघू.”

सुचित्राबाईंचं पाऊल तिथंच थांबलं. त्यांनी वळून नवऱ्याकडे नीट बघितलं, ताप वगैरे नसल्याची खात्री केली आणि घरात जाऊन दुसऱ्यांदा चहा टाकला. तो मात्र तात्यांनी गरम गरम प्यायला.